व्हॅलेन्सिया: जायचं तर मे महिन्यात

भूमध्य समुद्राकाठचं हे स्पॅनिश शहर कधी पाहावं? माझं उत्तर ठाम आहे: मे. ऊन स्वच्छ, पण अंगाला झोंबत नाही. 1957च्या पुरानंतर तुरिया नदीचं पात्र शहराबाहेर वळवलं आणि जुन्या पात्रात लांबच लांब बाग केली. आईचे गुडघे दुखतात, तरी तिथल्या सावलीत ती माझ्याबरोबर आनंदाने चालली. ऑगस्टच्या दमट उकाड्यात मी तिला नेलंच नसतं.

मे महिन्यातच शहराजवळच्या अल्बुफेरा सरोवराकाठची भातखाचरं पाण्याने भरतात. कोकणातल्या माणसाने ती बघायलाच हवीत! पाएया हा इथला प्रसिद्ध भाताचा पदार्थ याच तांदळाचा. मूळ प्रकारात कोंबडी आणि ससा असतो, म्हणून शाकाहारींनी 'दे वेर्दुरास' (भाज्यांचा) असं स्पष्ट सांगून मागावा, आणि दुपारीच खावा. सेंट्रल मार्केटला सकाळीच जा; दुपारी ते बंद होतं, रविवारी उघडत नाही.

मार्चमधला फायास उत्सव भव्य असतो. 19 मार्चच्या रात्री प्रचंड पुतळे जाळतात. पण फटाक्यांचे आवाज दिवसभर, आणि हॉटेलं महाग. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर टाळा.

पोहायचं असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा, मेमध्ये पाणी गारच असतं. शरद ऋतूत मात्र हवामानाचे इशारे रोज तपासा. 29 ऑक्टोबर 2024चा पूर याच परिसरात आला होता.