बायोफायर आरपी २.१: एका स्वॅबात २२ जंतूंचा शोध, पण हात सावध हवा

‘फ्लू निघाला, म्हणजे कोविड नाही’ असं धरून पेशंटला वेगळं न ठेवणं किती महागात पडेल, हे कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातल्या मार्च २०२० च्या नमुन्यांनीच दाखवलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाने तपासलेल्या ११६ कोविड पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी २४ मध्ये दुसराही जंतू होता. ११०१ निगेटिव्ह नमुन्यांपैकी २९४ मध्ये कोविडऐवजी दुसरंच काही सापडलं. म्हणून साथीत एकाच वेळी सगळं बघणारं पॅनल, म्हणजे एका नमुन्यात अनेक जंतू शोधणारी चाचणी, लागतं, आणि त्यात बायोफायर कंपनीचं आरपी २.१ हे श्वसनरोगांचं पॅनल खरंच कामाचं आहे. १८ व्हायरस, ४ बॅक्टेरिया, साधारण ४५ मिनिटांत रिझल्ट. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) त्याला आपत्कालीन परवानगी दिली आणि मार्च २०२१ मध्ये नियमित मान्यता. कोविडच्या चाचण्यांत अशी मान्यता मिळवणारं ते पहिलंच.

यश-अपयश ठरतं ते लोडिंगच्या दोन-तीन मिनिटांत. चाचणीची रसायनं असलेला बंद पाउच (पिशवी) आतल्या व्हॅक्यूमवर, म्हणजे निर्वात पोकळीच्या ओढीवर, चालतो. आधी पाउच भिजवणारी निळी हायड्रेशन वायल (कुपी) पोर्टमध्ये दाबायची. पाणी आपोआप ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं तर व्हॅक्यूम गेला, तो पाउच टाकून नवा घ्यायचा. मग लाल वायलीत सॅम्पल बफर पिळायचा, व्हीटीएममधला (स्वॅब ठेवायच्या द्रवातला) नमुना पिपेटच्या तिसऱ्या रेषेपर्यंत, म्हणजे सुमारे ०.३ मिली, घालायचा आणि झाकण लावून वायल निदान तीन वेळा उलटीसुलटी करायची. पाकीट फोडल्यावर अर्ध्या तासात पाउच भरायचा आणि भरल्यावर तासाभरात रन (यंत्रातली चाचणी) सुरू करायचा. ब्लीचने टेबल पुसताना मात्र जपा: बफरमध्ये ग्वानिडीन नावाचं रसायन असतं, ते ब्लीचमध्ये मिसळलं की घातक वायू निघतो. अंतर्गत कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे पाहणारी पाउचमधलीच तपासणी) फेल झाला तर सगळा रन इनव्हॅलिड, नव्या पाउचने पुन्हा.

रिपोर्ट वाचतानाही डोकं लागतं. ऱ्हायनो आणि एन्टेरो हे व्हायरस पॅनलला वेगळे करता येत नाहीत. व्हायरस आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे ते नाही. बऱ्या झालेल्या मुलाच्या नाकात अ‍ॅडेनो हा व्हायरस बरेच दिवस रेंगाळतो, त्यामुळे तो सापडला म्हणजे आजचा ताप त्याचाच, असं म्हणता येत नाही. नाकातून दिलेली फ्लूची लस नुकतीच घेतली असेल तर फ्लू खोटाच पॉझिटिव्ह दिसू शकतो. डांग्या खोकल्याच्या काही लसींत त्या जंतूचा डीएनए असतो आणि तो नमुन्यात मिसळू शकतो, म्हणून लस टोचायच्या खोलीत स्वॅब घेऊ नये.

मोठी अडचण संख्येची. यंत्राच्या एका मॉड्यूलवर (भागावर) एका वेळी एकच नमुना, म्हणजे आठ तासांत जेमतेम नऊ-दहा. लाट भरात असताना रांग लागलेल्या लॅबला हे परवडत नाही. आयसीयू, प्रत्यारोपणाचे पेशंट, श्वास लागलेलं तान्हं बाळ, म्हणजे जिथे रिझल्टवर औषध किंवा खोली बदलणार, तिथे पाउच खर्च करावा. ओपीडीतल्या साध्या सर्दीला कोविड, फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनाचा आणखी एक व्हायरस) एवढ्यांचीच छोटी चाचणी पुरते.