एएम२डी परीक्षेच्या तयारीचा दोन दिवसांचा वर्ग : एक अभिप्राय

ब्रिटनमध्ये घरगुती वीजजोडणीचे काम शिकणाऱ्यांना एएम२डी ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तिच्या तयारीसाठी मी एका खासगी केंद्रात दोन दिवसांचा वर्ग केला. त्यातील सर्वांत मोलाचा भाग सुरक्षितपणे वीजपुरवठा तोडण्याच्या सरावाचा होता. परीक्षक तिथे चूक खपवून घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रशिक्षकांनी दोन टोकांचा टेस्टर आधी प्रूव्हिंग युनिटवर (टेस्टर चालतो का हे पाहण्यासाठी ठरावीक विद्युत दाब देणाऱ्या छोट्या उपकरणावर) तपासायला लावला, मग स्विच बंद करून कुलूप व सूचनापट्टी लावून घेतली, त्यानंतर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या तिन्ही जोड्यांत विद्युत दाब नसल्याची खात्री करून घेतली आणि शेवटी टेस्टर पुन्हा त्याच युनिटवर तपासायला लावला. ही शेवटची पायरी माझ्याकडून दोनदा राहिली. मधल्या वेळेत टेस्टरच बिघडला असेल, तर 'वीज नाही' या निष्कर्षाला काहीच अर्थ उरत नाही, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने पटले. टेस्टरच्या टोकांचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा, शक्यतो २ मिलिमीटरपेक्षा, जास्त नसावा, हेही त्यांनी मोजून दाखवले. वायरमध्ये वीज असली की तिला न टेकताच उजळणारी पेनासारखी काडी इथे वीज नसल्याचा पुरावा म्हणून चालत नाही.

इन्सुलेशनची चाचणी मात्र घाईत उरकली गेली, आणि सहा जणांत एकच मापनयंत्र होते. शुल्काच्या मानाने ही उणीव खटकते.