पब्लिककोड.वायएमएल आठ महिने वापरून: फाइल चांगली आहे, ‘मेंटेनन्स’ची ओळ मात्र जपून भरा

परवा एका जर्मन केंद्रीय सरकारी ऑफिसने माझं सपोर्टचं बिल दुसऱ्यांदा परत पाठवलं, म्हणून शेवटी हे लिहायला बसलो. पब्लिककोड.वायएमएल म्हणजे सरकारी वापराच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची माहिती देणारी छोटी फाइल, ती कोडसोबतच ठेवतात. ती कशी लिहायची त्यात जात नाही. आमचं टूल लहान आहे, सरकारी अर्जांच्या पीडीएफ स्क्रीन रीडरला (अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) नीट वाचता येतील अशा करून देतं, मी आणि अजून दोघं नोकऱ्या सांभाळून ते बघतो. मी राहतो जर्मनीतच. इथल्या ओपनकोडच्या, म्हणजे सरकारी ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या मंचाच्या, यादीत यायचं तर रेपोत (कोड ठेवतात त्या जागी) ही फाइल लागते, म्हणून एका रविवारी भरून टाकली.

पहिल्याच दिवशी पार्सरने (फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) नापास केली, कारण सविस्तर वर्णन किमान 150 अक्षरांचं हवं आणि माझं एका ओळीचं होतं. तेव्हा चिडलो होतो, आता पटतं. ते वाचणारा डेव्हलपर नसतो, खरेदी विभागातला माणूस असतो.

खरी भानगड ‘मेंटेनन्स’च्या ओळीत आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची देखभाल कोण करतं त्या ओळीत. पर्याय चार: इंटर्नल (संस्थेतलीच माणसं), कॉन्ट्रॅक्ट (करारावर), कम्युनिटी (स्वयंसेवक), नन (कोणीच नाही). आम्ही तिघं म्हणजे कम्युनिटी, म्हणून तेच लिहिलं. आपण कम्युनिटी म्हणतो तेव्हा ‘वेळ मिळेल तसं बघू’ असा अर्थ असतो, टूल वापरणाऱ्या त्या जर्मन ऑफिसने अर्थ घेतला की मदत मिळते आणि फुकट मिळते. तीन महिने मेल येत राहिले, सर्व्हर अपडेट केला आता टूल चालत नाही, उद्या सकाळपर्यंत करून द्या, आणि मीही रात्री जागून करून देत राहिलो. असं करू नका. त्यांच्याकडे पैसे नव्हते असं अजिबात नाही, पण पैसे कोणाला आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या कामाचे द्यायचे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, मग बजेटमध्ये आम्ही येणार कुठून! शेवटी स्पष्ट कळवलं की करार होईपर्यंत फक्त सिक्युरिटीचे बग बघू. दोन आठवड्यांत कराराचा मसुदा आला. दोन आठवड्यांत! तीन महिन्यांची झोप गेली ती गेलीच.

लायसन्सवर अडलं नाही, ते ईयूपीएल 1.2 (युरोपियन युनियन पब्लिक लायसन्स) मुळे. युरोपियन कमिशनचंच ओपन सोर्स लायसन्स, जर्मन मजकूरही इंग्रजीइतकाच अधिकृत, त्यामुळे त्यांच्या वकिलाने तो सरळ वाचला आणि विषय संपला.

मग बिल. पहिल्यांदा साधी पीडीएफ पाठवली, परत आली, कारण केंद्रीय ऑफिसांना 27 नोव्हेंबर 2020 पासून सहसा एक्सरेख्नुंग या एक्सएमएल फॉरमॅटमध्ये बिल लागतं. ते शिकून पाठवलं, तर पुन्हा परत, लाइटवेग आयडी, म्हणजे बिल कुठल्या सरकारी ऑफिसकडे जायचं ते सांगणारा नंबर, नाही म्हणून. हा नंबर आपण बनवायचा नसतो, ऑफिसने द्यायचा असतो, मला कोणी दिलाच नव्हता. करारावर सही करण्याआधी तो लेखी मागून घ्या. काल तिसऱ्यांदा पाठवलं, पोर्टलने घेतलं.

या सगळ्या वैतागात मधे फाइल काढूनच टाकणार होतो, पण तेव्हाच एक गोष्ट घडली. इटलीतल्या एका नगरपालिकेच्या प्रोग्रॅमरने इटालियन भाषांतर पाठवलं आणि सोबत तक्त्यांच्या मथळ्यांचा तो बग दुरुस्त करून दिला जो आम्हाला वर्षभर सापडत नव्हता. त्यांच्याकडे डिजिटल प्रशासनाच्या कायद्यातल्या कलम 68 प्रमाणे सॉफ्टवेअर घेण्याआधी ओपन सोर्ससकट सगळ्या पर्यायांची तुलना करावी लागते, ती करताना त्यांना आमची फाइल दिसली. जाहिरातीवर आम्ही एक युरोही खर्च केलेला नाही. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला, फाइल ठेवली.

आता ‘कॉन्ट्रॅक्ट’ लिहिलंय. तिथे नाव आणि शेवटची तारीख दोन्ही द्यावी लागते, आमची 31 डिसेंबर आहे. जर्मन सरकारी बजेट कॅलेंडर वर्षाचंच असतं, त्यामुळे नूतनीकरणाचा मेल सप्टेंबरमध्येच टाकणार आहे, लाइटवेग आयडी वरच लिहून.