स्टुडंट प्लॅन: डोकं शांत व्हायला भारी, बॉडीसाठी ठीकठाक

पुण्यात टिळक रोडच्या आतल्या गल्लीतल्या ह्या जिमचा तीन महिन्यांचा स्टुडंट प्लॅन नुकताच संपला, रिन्यू करायच्या आधी लिहून टाकतो. कॉलेजचं आयकार्ड दाखवलं की ३,५०० मध्ये होतं, पेठेच्या मानाने स्वस्तच. मशिन्स सो सो, दोन ट्रेडमिल त्यातली एक कायम बंद, केबलच्या मशिनला संध्याकाळी रांग. कॉम्पिटिशनची बॉडी बनवायची असेल तर दुसरीकडे बघा.

मी त्यासाठी लावलीच नव्हती. एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर, कॉट बेसिसवरची रूम, दिवसभर अभ्यासिकेत, रात्री झोप नाही, उगाच छातीत धडधड आणि मेसमध्ये कुणी साधं काही विचारलं तरी खेकसायचो. ह्या सगळ्यावर इथली साडेसहाची बॅच लागू पडली. ट्रेनर दादा न आलेल्याला मेसेज टाकतो, "काय रे, सबमिशन का?" बस्स, लेक्चर नाही. गावाकडून येऊन एकटं राहणाऱ्या पोराला आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं, हेच केवढं! बॅचमध्ये बीकॉमवाले, इंजिनिअरिंगवाले, एमपीएससीवाले सगळे, आणि दोन सेटच्या मधे प्लेसमेंट, बॅकलॉग, ब्रेकअप सगळं निघतं, कारण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलायचं नसतं ना, डंबेलकडे बघत बोलायचं असतं.

माझं आधी झोपेचं गाडं रुळावर आलं, मूड त्याच्या मागून. लोक एंडॉर्फिन एंडॉर्फिन (शरीरातलं बरं वाटायला लावणारं रसायन) करतात पण ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, व्यायामानंतर येणाऱ्या त्या तरतरीसाठी हल्ली एंडोकॅनाबिनॉइड्सचं, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या भांगेसारख्या रसायनांचं, नाव जास्त घेतलं जातं. आणि सर्व्हेत व्यायाम करणारी पोरं खूश दिसतात ते अर्धं उलटंही असू शकतं, ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तोच मुळात घराबाहेर पडतो. पण मुद्दाम व्यायामाला लावून केलेल्या प्रयोगांतही उदासपणा कमी झालेला दिसलाय, म्हणून अगदीच थोतांड नाहीये.

आता जे खटकलं ते. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करून "पोट बघ जरा" म्हणत पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज गळ्यात मारायला बघतात, माझा रूममेट त्यामुळे परत फिरकलाच नाही. अरे, आधीच स्वतःवर वैतागलेला पोरगा आरशासमोर अजून लाजला तर त्याचं काय भलं होणार? दुसरं, काउंटरवर रात्री आठला पण प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची तरतरीची पावडर, विकतात. त्याच्या एका स्कूपमध्ये दोन-तीन कप कॉफीएवढं कॅफीन असू शकतं, मग व्यायामाने येणारी झोपही गेली ना! नाही म्हणायला शिका, ट्रेनर दादा स्वतः कधी आग्रह करत नाही, हे सगळं काउंटरवाल्याचं.

परीक्षेच्या काळात लोक पहिली जिम बंद करतात, हे मला कधी पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा असं सांगितलंय, पण तेवढं नाही जमलं तरी थोडंसंही चालतं असंही त्यांचंच म्हणणं आहे. पेपरच्या आठवड्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून या, फुकट आहे, कुणी पोट बघत नाही. ज्यांना फक्त मोकळी हवाच पाहिजे त्यांनी फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी गाठावी आणि पैसे वाचवावेत.

आणि सकाळी अंथरुणातून उठवतच नाही, जगणं नकोसं वाटतंय, अशी वेळ असेल तर जिमच्या भरवशावर राहू नका, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे आणि २४ तास चालू असतो, तिथे आधी बोला.

माझ्याकडून साडेतीन स्टार, अर्धा काउंटरवाल्याने घालवला. मी रिन्यू करतोय, साडेसहाचीच बॅच. पार्किंग अजिबात नाही, चालत या.