कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय? अष्टमी नको, तृतीया धरा

अलिबागचा कुलाबा किल्ला सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चालत गाठता येतो, एवढं ऐकून बरेच जण निघतात. तिथी मात्र बघत नाहीत.

अष्टमी सोयीची वाटते खरी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाला आणि सुकती भर दुपारी बाराला. मी एकदा असाच गेलो. वेळ बरोबर साधली होती, पण वाटेतलं पाणी हटेचना. टांगेवाले काका म्हणाले, "भांगाचं पाणी आहे, आज सुकायचं नाही." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमजोर भरती-ओहोटी; उधाणाच्या उलट.

असं का? भरती आणण्यात चंद्राचा जोर १०० धरला तर सूर्याचा साधारण ४६. पृथ्वीला सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी जास्त ओढतो, पण भरती येते ती पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंना बसणाऱ्या ओढीतल्या फरकामुळे. १५ कोटी किलोमीटरवरच्या सूर्याला या दोन बाजू जवळपास सारख्याच. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणून फरक त्याचा मोठा. अष्टमीला दोघं काटकोनात असतात. एक पाणी चढवतो तिथे दुसरा उतरवतो, उरतात ५४. अवस-पुनवेला तिघं एका रेषेत येतात आणि बेरीज १४६ होते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी सरासरी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दीड मीटर.

मग पौर्णिमाच का नको? पाणी भरपूर हटतं, पण भरती बाराला, म्हणजे सुकती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सकाळी मुक्काम अलिबागलाच हवा, आणि संध्याकाळी गेलात तर परतेपर्यंत अंधार.

म्हणून माझी पसंती द्वितीया ते चतुर्थीला. उधाणाचा खरा जोर पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी येतो, आणि सुकती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. तृतीयेला ती साधारण सव्वाआठ-साडेआठला येते. ओल्या वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या उमटलेल्या असतात, खडकांतल्या डबक्यांत खेकडे पळत असतात. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. ते निवांत बघायला हीच वेळ बरी.

पावसाळ्यात कुठलीच तिथी धरू नका. इतर वेळीही त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि किनाऱ्यावर विचारा, कारण दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात. सुकतीच्या वेळेआधीच चालायला लागा आणि पाणी वळलं की परत फिरा. उशीर झाला आणि पाणी गुडघ्यावर चढलेलं दिसलं, तर उतरू नका, होडीची वाट बघा. पुढची सुकती थेट रात्री पावणेनऊच्या सुमारास.