हिमनदीच्या फ्योर्डमध्ये वर्षभर ठेवायचं मुरिंग: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

ध्रुवीय फ्योर्डात (डोंगरांमधून आत घुसलेल्या समुद्राच्या खोल, अरुंद खाडीत) मुरिंगवर, म्हणजे तळाला नांगरलेल्या उभ्या दोरीवर, लावायची उपकरणं मागवायला बसलं की पहिली नजर तापमानाच्या अचूकतेवर जाते. ±०.००२ अंश की ±०.००१, यावर तासभर चर्चा होते, आणि होकायंत्राची ओळ कुणी वाचतच नाही. आमचं मत उलटं आहे. आजचे चांगले थर्मिस्टर (तापमान मोजणारे सेन्सर) सगळेच पुरेसे चांगले आहेत. हिमनदीच्या पुढ्यात वर्षाची नोंद वाया जाते ती क्षारता मोजणाऱ्या नळीत बसलेल्या गाळामुळे आणि प्रवाहमापकाच्या भरकटलेल्या होकायंत्रामुळे. पैसा आणि वेळ तिथे घाला.

इथला हिशेब नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डनचा आहे. लांबी साधारण २० किलोमीटर, तोंडाशी अडवणारा उंबरठा नाही, त्यामुळे अटलांटिकचं कोमट खारं पाणी खोल दरीतून सरळ आत शिरतं. दुसऱ्या टोकाला क्रोनेब्रेनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात तुटतात. काठावर नी-ओलेसुंद हे संशोधकांचं गाव, तिथे २००८पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र. जुलै २०१४मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने आणि गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने याच फ्योर्डात १९२ मीटर पाण्यात इंडआर्क हे मुरिंग सोडलं. खालचे आकडे साधारण तेवढ्याच खोलीच्या दोरीसाठी धरावेत. ग्रीनलंडच्या सर्मिलिकसारख्या फ्योर्डात हिमनगांचे तळ कितीतरी खोल जातात, तिथे ही मांडणी जशीच्या तशी नेऊ नये.

आधी तापमान, कारण ते लवकर संपतं. एसबीई ५६ आणि आरबीआर सोलो टी हे दोन लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी उपकरणं), दोन्ही ±०.००२ अंशाचे, दोन्ही मुठीत धरता येणारे, १५०० मीटरपर्यंत जाणारे. दोन्हींत निवड करायची तर आधी कुठलं सॉफ्टवेअर वापरात आहे ते बघावं, बस. होबो वॉटर टेम्प प्रो या जातीचे स्वस्त लॉगर ±०.२ अंशाचे असतात आणि पाण्यातला बदल पकडायला त्यांना पाच मिनिटं लागतात. वर-खाली ओढून मोजायला ते निरुपयोगी. पण दोरीवर स्थिर ठेवायला, दोन महागड्या उपकरणांच्या मधली रिकामी जागा भरायला, चालतात. हिवाळ्यात गोठणबिंदूला टेकलेलं पाणी उणे १.८ अंशांवर आणि अटलांटिकचं पाणी ३ अंशांच्या वर. यातला फरक ओळखायला ०.२ची चूक आड येत नाही. दशकभराची तापमानवाढ दाखवायची असेल तर मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नका. सोडण्याआधी सगळे लॉगर एका बादलीत, शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि तेच पाणी घालून, रात्रभर ठेवावेत. सकाळी जो शून्यावर नाही त्याची चूक लिहून ठेवा. बर्फ नळाच्या पाण्याचा नको, आणि बादली मधूनमधून ढवळायला हवी, नाहीतर तळाशी ०.१ अंशाचा फरक सहज पडतो.

क्षारतेवर (साधारण एक किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ, तो आकडा) जास्त बोलावं लागेल. गोठणबिंदूच्या आसपास पाण्याची घनता तापमानाला जवळजवळ दाद देत नाही: पाणी एक अंशाने तापलं तर घनता जेवढी हलते, तेवढीच क्षारता फक्त ०.०७ने घटली तरी हलते. म्हणजे कोणतं पाणी कुणाच्या खाली शिरणार हे क्षारता ठरवते. दुसरं, वितळलेलं पाणी आलं कुठून तेही तापमानावरून कळत नाही. हिमनदीचा बुडालेला चेहरा समुद्रात वितळला तर बर्फ वितळवण्याची उष्णता त्या पाण्यातूनच जाते, म्हणून क्षारता १ने घटताना तापमान साधारण अडीच अंशांनी घसरतं. हिमनदीच्या पोटाखालून येणारं ओढ्याचं पाणी आधीच वितळलेलं, शून्याच्या आसपासचं. ते ३ अंशांच्या समुद्रात मिसळलं तर तेवढ्याच क्षारतेच्या घटीला तापमान जेमतेम ०.०९ अंश उतरतं. आता नोंदीत पाव अंशाची घसरण दिसली, तर ती ०.१ क्षारतेची समुद्री वितळण आहे की जवळपास ३ची ओढ्याची भेसळ? नुसता थर्मामीटर याचं उत्तर देऊ शकत नाही, कितीही महाग असला तरी.

सी-बर्डचा एसबीई ३७ मायक्रोकॅट आणि आरबीआरचा कॉन्सर्टो हे दोन पर्याय समोर येतात. कागदावर दोघंही वाहकतेला (पाणी वीज किती वाहून नेतं त्याला, क्षारता त्यावरूनच काढतात) ±०.००३ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणतात. खरा फरक नळीच्या घडणीत आहे.

मायक्रोकॅटमध्ये आत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असलेली काचेची नळी असते, आतला व्यास सुमारे ४ मिलिमीटर. सगळं मोजमाप नळीच्या आतच होतं, त्यामुळे बाहेर क्लॅम्प, दोरी, साखळी काहीही असलं तरी फरक पडत नाही. ही त्याची मोठी बाजू. पण हिमनदी खडक दळून जी पिठासारखी भुकटी पाण्यात सोडते तिचे कण मायक्रॉनांच्या मापाचे. नळीच्या भिंतीवर २ मायक्रॉनचा घट्ट थर बसला की व्यास ४ मायक्रॉनने, म्हणजे ०.१ टक्क्याने घटतो, छेद ०.२ टक्क्याने, आणि क्षारता ०.०७ने कमी दिसू लागते. कोंग्सफ्योर्डनच्या अभ्यासात अटलांटिक पाण्याची सीमा ३४.६५ धरली जाते. थर बसत गेला तर मार्चमध्ये अटलांटिक असलेलं पाणी ऑगस्टमध्ये 'स्थानिक' होतं, आणि पाण्यात काहीच बदललेलं नसतं.

म्हणून मायक्रोकॅटचं पंप असलेलंच मॉडेल घ्यावं. पंप दर मोजणीआधी नळी धुतो, शिवाय दोन मोजण्यांच्या मध्ये पाणी नळीत बंद राहतं, त्यामुळे विषारी लेपाच्या कांड्या शेवाळ आणि बार्नेकल थोपवू शकतात. दोरीवर बसवताना नळीचं वळण वर आणि तोंडं खाली राहतील असं बघा. वळण खाली राहिलं तर तो गाळाचा सापळाच. वळण वर ठेवलं की सुरुवातीला हवा अडकते, तेव्हा पहिल्या काही तासांचे आकडे सरळ टाकून द्यावेत. वीज बारा एए आकाराच्या लिथियम सेलांवर. पंप धरून वर्ष काढायचं तर मोजणीचं अंतर सॉफ्टवेअरमध्ये घालून बॅटरीचा हिशेब आधी करा, पाच मिनिटांचा हट्ट नको.

कॉन्सर्टोत पंप नाही. वाहकता चुंबकीय पद्धतीने, रुंद भोकाच्या कड्यातून मोजली जाते. गाळ सहसा अडकत नाही, वीज कमी लागते, आत बर्फ धरला तरी तडकायला काच नाही. पण मोजमापाचं क्षेत्र कड्याबाहेर पसरतं. क्लॅम्प, साखळी किंवा शेजारचा लॉगर जवळ आला की क्षारता कायमची सरकते. दोरी कड्यासमोरून हलत असेल तर ती सरकतही राहते, आणि ती चूक नंतर काढता येत नाही. कॅलिब्रेशन ज्या पिंजऱ्यात झालं त्याच पिंजऱ्यात ते पाण्यात गेलं पाहिजे.

आमचा कौल: हिमनदीपासून पहिल्या दोन-तीन किलोमीटरात, जिथे पाणी दुधाळ असतं, तिथे कॉन्सर्टो. बाहेरच्या, खोल, स्वच्छ भागात पंपवाला मायक्रोकॅट. सगळ्यात वरच्या उपकरणाला दाबमापक हवाच. हिमनगाने दोरी ढकलली की ती वाकते, ४० मीटरवरचं उपकरण ६० मीटरवर जातं, आणि दाबाचा आकडा नसेल तर ती नोंद 'अटलांटिकचं पाणी वर आलं' म्हणून वाचली जाते.

होडीतून सीटीडी (वाहकता, तापमान आणि खोली एकत्र मोजणारं उपकरण) सोडताना एक गोष्ट फार महागात पडते. उणे १५ अंशांच्या हवेत काचेच्या नळीत थेंबभर पाणी राहिलं तर ते गोठून नळी फोडतं. दोन सोडण्यांच्या मध्ये गोड्या पाण्याने धुऊन, फुंकून कोरडी करून उपकरण ऊबदार पेटीत ठेवावं. पाण्यात उतरवल्यावर पृष्ठभागाखाली दोन-तीन मिनिटं तसंच धरावं. इथे आणखी एक मेख आहे: पंपवाल्या सीटीडीचा पंप वाहकता ठराविक पातळीवर गेल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि उन्हाळ्यात हिमनदीसमोरचा वरचा थर इतका गोडा असू शकतो की पंप झोपूनच राहतो. ती पातळी आधीच खाली आणून ठेवा किंवा खाऱ्या थरात उतरवून पंप लागू द्या, मग वर आणा.

आता प्रवाह. १९२ मीटर पाण्यात तळाशी ३०० किलोहर्ट्झचं वर्कहॉर्स सेंटिनेल, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून थराथरातला प्रवाह मोजणारं यंत्र, वर तोंड करून ठेवलं तर त्याचा आवाज पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. त्याची झेप साधारण १०० मीटर, आणि ध्रुवीय हिवाळ्यात पाण्यात प्लवक (आवाज परत फिरवणारे तरंगते बारीक जीव) कमी झाले की दूरचे थर रिकामे येऊ लागतात. एकतर कमी फ्रिक्वेन्सीचं यंत्र घ्या किंवा ३००चं दोरीवर १०० मीटरच्या आसपास टांगा. तसं केलं तरी वरचा थर हातचा जातोच. किरणं २० अंश तिरकी असल्याने पृष्ठभागाचा आडवा प्रतिध्वनी वरचे ६ टक्के गढूळ करतो. १०० मीटरवरून ६ मीटर, त्यात मोजणीचा ४ मीटरचा एक कप्पा धरला तर १०. वितळलेल्या गोड्या पाण्याचा बाहेर जाणारा प्रवाह नेमका याच पट्ट्यात असतो. ज्याला फ्योर्डातून किती गोडं पाणी बाहेर जातं ते मोजायचं आहे, त्याने मुरिंगवर विसंबू नये. उन्हाळ्यात होडीच्या बाजूला खाली तोंड करून तेच यंत्र लावावं, दोन अँटेनांचं जीपीएस होकायंत्र जोडावं, तळाचा मागोवा (होडीची स्वतःची चाल वजा करायला) चालू ठेवावा. आतल्या, १०० मीटरपेक्षा उथळ भागात ते छान चालतं.

होकायंत्राचं दुखणं वेगळंच आहे. अलिबागला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. नी-ओलेसुंदला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा, कारण तिथे क्षेत्र जवळपास उभंच खाली जातं. म्हणजे बॅटरीच्या पोलादी कवचामुळे अलिबागला होकायंत्र २ अंश चुकत असेल तर तिथे तेच १० अंश चुकेल. फ्योर्डच्या लांबीने २० सेंटिमीटर प्रति सेकंद प्रवाह असताना १० अंशांची चूक साडेतीन सेंटिमीटरचा खोटा आडवा प्रवाह निर्माण करते, आणि खरा आडवा प्रवाह बहुधा त्याहून जास्त नसतो. त्यामुळे कॅलिब्रेशन वास्कोच्या प्रयोगशाळेत करून पाठवून उपयोग नाही. ते तिथेच, त्याच बॅटरीवर, त्याच फ्रेममध्ये, धक्क्याच्या लोखंडापासून आणि स्नोस्कूटरपासून लांब, लाकडी पाटावर करावं. यंत्राला एएक्स ही आज्ञा देऊन चूक बघायची, जास्त असेल तर एएफने नवं कॅलिब्रेशन, मग पुन्हा एएक्स. बॅटरी बदलली की सगळं परत. विचुंबकित केलेल्या बॅटऱ्या मिळतात, त्याच मागवा. लोखंडी गोळ्याऐवजी फोमचा फ्लोट वापरा.

सेटिंगमध्ये ध्वनिवेग ठरीव १५०० राहिला तर थंड पाण्यातल्या खऱ्या १४५०च्या आसपासच्या वेगामुळे प्रवाह ३ टक्क्यांहून जास्त फुगतो. यंत्राला स्वतःच्या तापमानावरून वेग काढू द्या, क्षारता हाताने ३४-३५ घाला.

खरेदीत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे केबल. नी-ओलेसुंदच्या भोवती २० किलोमीटरपर्यंत २ ते ३२ गिगाहर्ट्झमध्ये रेडिओ शांतता पाळली जाते, कारण तिथली दुर्बीण दूरच्या रेडिओ स्रोतांवरून पृथ्वीची हालचाल मोजते. वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही या पट्ट्यात येतात. फक्त ब्लूटूथने डेटा देणारी छोटी सीटीडी तिथे पोचल्यावर शोभेची वस्तू होते. प्रत्येक उपकरणाला तारेचा मार्ग आहे का, ते ऑर्डर देण्याआधी लेखी विचारा, आणि केबल दोन घ्या. लिथियमचे सेल विमानाला धोकादायक माल ठरतात, ते वेळेत बोटीने रवाना करा.

मुरिंग परत वर आलं की हात आवरा. नळी धुवायच्या आधी तिच्या दोन्ही तोंडांचे जवळून फोटो, घड्याळ जीपीएसच्या वेळेशी जुळवून किती सेकंद सरकलं याची नोंद, आणि शक्य असेल तर सगळी उपकरणं सीटीडीच्या पिंजऱ्याला बांधून चार-पाच खोल्यांवर दहा-दहा मिनिटं थांबा. कॅलिब्रेशनसाठी परत पाठवताना नळीत गाळ दिसत असेल तर तो तसाच राहू द्या आणि पेटीवर लिहा: 'आधी आहे तसं मोजा, मग साफ करा.' साफ करून मोजलं तर चूक किती होती ते कळण्याचा एकमेव मार्ग बेसिनमध्ये वाहून गेलेला असतो.