जुन्या बोटीमागची मोटर: टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक?

दोन बोटी बघून झाल्यात. सांगाडा दोन्हींचा ठीक. एकीच्या मागे जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायची मोटर), दुसरीच्या मागे तेवढ्याच हॉर्सपॉवरची, तितकीच जुनी फोर-स्ट्रोक. इथे बहुतेकांचा वाद धूर आणि पेट्रोल यांवरच अडतो. तो मुद्दा खरा, पण सरळ आहे: टू-स्ट्रोक जास्त पेट्रोल पिते, धूर करते, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं (बऱ्याच मोटरींना ५०:१, काही जुन्यांना २५:१). फोर-स्ट्रोक शांत चालते, कमी पिते, पण वजनाला बहुधा जड. मागची फळी मुळात हलक्या मोटरसाठी असेल तर हे वजन जाणवतं.

माझ्या मते जुन्या मोटरीत खरा फरक वेगळाच आहे. टू-स्ट्रोकचं बरंचसं दुखणं एका दुपारीत उघडं पडतं. फोर-स्ट्रोकचं दुखणं तिच्या इतिहासात दडलेलं असतं, आणि तो इतिहास तुम्हाला फक्त कागदांवरून कळतो.

टू-स्ट्रोकपासून सुरू करू. सगळे स्पार्क प्लग काढा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी ओढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे आतला दाब मोजणारं मीटर, लावा. आकडा ९० पीएसआय येतो की १२०, हे मॉडेलवर असतं. महत्त्वाचा असतो तो सिलिंडरांमधला फरक. १० टक्क्यांपर्यंत चालेल. तीन सिलिंडर ११५ आणि चौथा ८० असेल तर भावावर बोलूच नका, गाडीत बसा. काढलेले प्लग ओळीने मांडून बघा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुऊन पुसल्यासारखा चकचकीत असेल, तर त्या सिलिंडरात पाणी जात असण्याची शक्यता मोठी. प्लगच्या टोकावर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम समजा.

फोर-स्ट्रोकवर हीच कॉम्प्रेशन चाचणी फसवू शकते. काही मॉडेलांत सुरू करताना दाब मुद्दाम कमी करणारी सोय असते, त्यामुळे धडधाकट इंजिनही कमी आकडा दाखवतं. तिथे मी आधी डिपस्टिक काढतो. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पातळी खुणेच्या वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास असेल, तर पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपतंय. थंडीत आणि तासन्‌तास मंद वेगात चालवलेल्या मोटरींत हे होतं. मग प्रश्न विचारायचे: दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा ऑइल बदललं का? टायमिंग बेल्टची मोटर असेल तर तो कधी तपासला? व्हॉल्व्हचं अंतर कोणी बघितलं? ‘मेकॅनिक बघायचा’ हे उत्तर नाही. पावत्या हव्यात.

खालचा गिअरचा भाग दोन्हींत सारखाच दगा देतो, आणि लोक नेमकं तिथेच बघत नाहीत. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं, त्यामुळे पहिल्याच थेंबांत कळतं. दुधाळ म्हणजे सील गेले. बऱ्याचदा पंख्यामागे (प्रोपेलरमागे) गुंडाळलेली मासेमारीची दोरी सील कापते. बोटांत चोळल्यावर धातूचे कण टोचले तर गिअर झिजलेत. मोटर न्यूट्रलला ठेवून पंखा हाताने फिरवा आणि दांडा डगमगतो का बघा.

एक अनुभव सांगतो. मी एकदा एक मोटर बघायला ठरलेल्या वेळेआधी पोचलो. मालक म्हणाला, ‘आज चालवलीच नाही.’ झाकण काढून हात लावला, तर सिलिंडर हेड चांगलंच कोमट. म्हणजे गार इंजिन नीट सुरू होत नव्हतं, ते मला दिसू नये म्हणून आधीच तापवून ठेवलं होतं. त्याच हेडच्या कडेला रंगही फुगून काळवंडला होता: मोटर कधीतरी जबर तापलेली. तेव्हापासून मी आधीच बजावतो, मी येईपर्यंत चावीला हात लावायचा नाही.

सुरू करताना मोटर पाण्यात तरी हवी किंवा पाण्याची नळी लावलेली. कोरडी फिरवली तर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतलं फिरतं चाक) लगेच खराब होतो. बाजूच्या भोकातून पाण्याची धार जोरात आणि सलग आली पाहिजे.

शेवटी पाण्यावर, पूर्ण थ्रॉटलला. आरपीएम कंपनीने दिलेल्या मर्यादेत पोचतात का बघा. पुढचा गिअर ताणाखाली सटकला तर ती मोटर सोडा, मग ती कुठलीही असो.

दोन्ही पास झाल्या, तर? पावत्यांची फाइल असलेली फोर-स्ट्रोक मी डोळे झाकून घेईन. फाइल नसेल तर सारख्या कॉम्प्रेशनची धूर ओकणारी टू-स्ट्रोक, पण तिचे भाग अजून मिळतात का ते आधी विचारून.